वाड्यातली अमेरिकन मोटार

आमच्या येवल्याच्या विंचूर चौफुलीवर उभे राहिले म्हणजे चारी दिशांची वाहतूक डोळ्यांखालून जाते. नाशिकची, मनमाडची, छत्रपती संभाजीनगरची, अहिल्यानगरची. त्या लोंढ्यातल्या नव्या कोऱ्या मोटारींकडे कोणी मान वर करून पाहत नाही. पण एखाद्या वरातीसाठी कुठून तरी भाड्याने आणलेली, नाकापुढे चकचकीत जबडा मिरवणारी, हत्तीसारखी डुलत चालणारी जुनी डॉज किंवा प्लिमथ त्या गर्दीतून निघाली, की कांद्याच्या ट्रॅक्टरवाल्यापासून कॉलेजच्या पोरापर्यंत सारे थबकतात. मग ठरलेले दोन प्रश्न. "कितीला पडली हो?" आणि "लिटरला किती देते?"

दुसऱ्याचे उत्तर सोपे आहे : फार कमी देते. पहिल्याचे उत्तर मात्र एका तिसऱ्याच प्रश्नावर अवलंबून असते आणि तो सहसा कोणी विचारीत नाही. गाडी कारखान्यातून जशी बाहेर पडली तशी ती आज किती उरली आहे, हा तो प्रश्न. वाचकहो, मला तुमच्याशी या तिसऱ्या प्रश्नाबद्दल बोलावयाचे आहे. कारण जुन्या वाड्यांच्या ढेलजेत, मळ्यातल्या छपराखाली, कडब्याच्या गंजीआड अशी एखादी अमेरिकन मोटार किंवा जीप आपल्याकडे अजूनही सापडते. आणि तिचे काय करावयाचे हे ठरवताना घरची मंडळी हौसेने म्हणा, घाईने म्हणा, असे काही करून बसतात की जे पुढे पैसा ओतूनही भरून येत नाही.

हा व्यवहार नीट समजायचा तर आधी अमेरिकेत डोकावले पाहिजे, कारण जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचे शास्त्र तिथे फार पुढे गेले आहे. त्यातही 'मसल कार' म्हणून जी जात आहे तिच्या बाबतीत तर विशेषच. मसल म्हणजे स्नायू. आपण पैलवान गाडी म्हणू. मध्यम अंगाची, दोन दारांची, चार माणसांच्या बेताची साधी मोटार घ्यायची आणि तिच्या नाकाखाली मोठ्या थोरल्या गाडीचे इंजिन बसवायचे, असा हा सरळ हिशेब. १९६४ सालच्या 'पाँटिॲक जी.टी.ओ.'पासून या जातीची सुरुवात धरतात. तिच्या जन्माची कथा मोठी गमतीची आहे. जनरल मोटर्स कंपनीचा स्वतःचाच एक नियम होता : मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन घालायचे नाही. पाँटिॲक विभागातल्या जॉन डिलोरियन आणि त्याच्या सोबत्यांनी ३८९ घनइंचांचे इंजिन घातले आणि ते नवी गाडी म्हणून न दाखवता, 'लमाँ' नावाच्या चालू गाडीवर गिऱ्हाइकाने जास्त पैसे देऊन मागून घ्यायची एक सोय म्हणून यादीत दाखविले. नियम गाडीला होता, सोयीला नव्हता! वकिली डोके फक्त कोर्टातच चालते असे थोडेच आहे?

३८९ घनइंच म्हणजे जवळजवळ ६.४ लिटर. आपल्या ओळखीच्या फियाटचे इंजिन १,०८९ घनसेंटिमीटरचे. म्हणजे सहा फियाट एकत्र बांधाव्यात तेवढे हे एक इंजिन. मग 'डॉज चार्जर', 'प्लिमथ रोडरनर', 'शेव्हरले शेव्हेल' अशा एकाहून एक आडदांड गाड्या निघाल्या. क्रायस्लर कंपनीचे ४२६ घनइंचांचे 'हेमी' इंजिन कागदावर ४२५ अश्वशक्तीचे होते. त्या काळी अमेरिकेत अश्वशक्ती मोजताना इंजिन एकटे बाकावर ठेवून, पंखा, धुराडे वगैरे लोढणी काढून मोजण्याची चाल होती. १९७२च्या गाड्यांपासून ती सगळी लोढणी लावून मोजू लागले आणि कागदावरचे आकडे एकदम खाली आले. तोवर पैलवानांचे दिवस भरतच आले होते. विमा कंपन्यांनी हप्ते वाढविले, १९७०च्या कायद्याने धुरावर बंधने आली आणि १९७३ साली अरब राष्ट्रांनी तेल अडविले. पुढे कित्येक वर्षे या गाड्या जुन्या बाजारात पडेल भावाने जात होत्या.

पुढे काय झाले ते अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे. ज्या पोरांना अठराव्या वर्षी या गाड्या परवडत नव्हत्या ती पोरे पन्नाशीला आली, हातात पैसा खुळखुळू लागला आणि त्यांनी आपले राहून गेलेले तारुण्य विकत घ्यायला सुरुवात केली. मागणी वाढली. माल मात्र वाढण्याजोगा नव्हता, कारण १९७१ सालची गाडी आज नव्याने बनवता येत नाही. २०१४ साली 'हेमी' इंजिनाची १९७१ची एक उघड्या टपाची 'प्लिमथ कुडा' लिलावात ३५ लक्ष डॉलरला गेली.

भाव चढले तिथे बनावटगिरी आलीच. जी.टी.ओ. आणि साधी लमाँ यांचा सांगाडा एकच. मग लमाँत मोठे इंजिन बसवा, जी.टी.ओ.ची अक्षरे ठोका, झाली जी.टी.ओ.! १९६४ आणि १९६५च्या गाडीचा कारखान्याचा नंबर वाचूनही ती मुळात जी.टी.ओ. होती की नव्हती ते कळत नाही, कारण त्या वर्षांत ती स्वतंत्र गाडी नव्हतीच. वर सांगितलेली पळवाट इथे अशी भोवते. मग कारखान्याच्या जुन्या नोंदी काढाव्या लागतात. क्रायस्लरच्या गाड्यांत नंबरातले एक अक्षर इंजिनाचे असते, शिवाय कारखान्यात गाडी जोडताना कामगारांच्या हाताशी असलेला कागद कित्येकदा आसनाच्या स्प्रिंगांत अडकून राहिलेला सापडतो. तेलकट, उंदरांनी कुरतडलेला तो कागद मिळाला की मालक देव पावल्यासारखा नाचतो. गाडीचा सांगाडा, इंजिन आणि गिअरपेटी यांच्यावरचे नंबर एकमेकांशी जुळले, कागद जुळले, तर एक भाव. इंजिन दुसरीकडचे असेल, मग ते कितीही ताकदीचे असो, तर दुसरा, पुष्कळ खालचा भाव.

याच संदर्भात एक गाडी सांगण्याजोगी आहे. १९६८ साली 'बुलिट' नावाचा चित्रपट आला. त्यात स्टीव्ह मॅक्वीन या नटाने सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरून एक हिरवी फोर्ड मस्टँग पळविली होती. ती गाडी पुढे एका साध्या कुटुंबाने १९७४ साली सहा हजार डॉलरला घेतली. घरची बाई शाळेत शिकवावयास तीच घेऊन जाई. १९७७ साली मॅक्वीनने गाडी परत मागणारे पत्र लिहिले, त्यांनी दिली नाही. मग ती वर्षानुवर्षे झाकून पडली. जानेवारी २०२० मध्ये फ्लॉरिडातल्या लिलावात तिला दलाली धरून सुमारे ३७ लक्ष ४० हजार डॉलर आले. त्या वेळी तिचा रंग उडालेला होता, पत्रा जागोजागी गंजलेला होता, चित्रीकरणाच्या कॅमेऱ्यासाठी केलेली तोडजोड तशीच होती. चालण्यापुरती यंत्राची दुरुस्ती केली होती, बाकी कोणी हात लावला नव्हता. एखाद्या उत्साही माणसाने तिला नवा हिरवा रंग चढवून आरशासारखी केली असती, तर तिच्या अंगावरचा पुरावाच पुसला गेला असता.

आता तुम्ही म्हणाल, हे सारे अमेरिकेतले. आमच्या वाड्यात मस्टँग कुठून येणार? बरोबर आहे. आणि ती का नाही, यालाही इतिहास आहे. मुंबईत अमेरिकन मोटारी जोडण्याचे काम आपल्याकडे लवकर सुरू झाले. शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ साली कारखाना काढला, तिथे शेव्हरले जोडल्या जात. फोर्डचेही जोडकाम मुंबईत चाले. आपल्या सोलापूरचे वालचंद हिराचंद यांना मात्र जोडण्यापेक्षा इथे मोटार बनवायची होती. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ते अमेरिकेत गेले, फोर्डशी जमले नाही, क्रायस्लरशी जमले. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, डिसोटो, प्लिमथ बाहेर पडू लागल्या. खरे सांगायचे तर या तीन नावांच्या मोटारी बऱ्याचदा एकच असत, नाकावरची अक्षरे तेवढी निराळी. १९५३ साली टॅरिफ कमिशनने ठरविले की ज्यांना इथे भाग बनवायचे आहेत त्यांनीच राहावे, नुसते जोडकाम करणाऱ्यांनी नाही. १९५४ साली जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोघांनी गाशा गुंडाळला. त्यानंतर आयातीची दारे जवळजवळ बंद झाली. प्रीमियरही छोट्या फियाटकडे वळली. म्हणून अमेरिकेत पैलवान गाड्या जन्मल्या तेव्हा आपल्याकडे त्या येण्याची वाटच उरली नव्हती. परदेशी वकिलातींतल्या वापरलेल्या मोटारी पुढे सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन लिलावाने विकी, त्यांतून एखादी इम्पाला सिनेमावाल्यांच्या दारी येई, तेवढेच.

तेव्हा आपल्या मुलखात जे अमेरिकन लोखंड उरले आहे ते मुख्यतः १९५५च्या अलीकडले-पलीकडले : शिवडीच्या शेव्हरले, कुर्ल्याच्या डॉज-प्लिमथ आणि या सर्वांहून पुष्कळ अधिक म्हणजे जीप. जीपला मी अमेरिकन मोटारच म्हणतो. युद्धातल्या उरलेल्या विलिज आणि फोर्ड जीपा लष्कराने विकल्या, त्या बागाईतदारांनी घेतल्या. मग महिंद्रांनी मुंबईत विलिजच्या परवान्याने जीपा करावयास घेतल्या. उंच बॉनेटची जी जीप आपण काळी-पिवळी म्हणून, कधी पंधरा-पंधरा माणसे कोंबून, खेड्यापाड्यांतून पाहिली, तिचा मूळ नमुना अमेरिकेत १९५३ साली निघाला. इंजिन आधीच्यापेक्षा उंच झाले म्हणून बॉनेट उंच करावे लागले, एवढेच त्या उंचीचे कारण. अमेरिकेने हा नमुना १९६८ साली बंद केला. आपण त्याच्यावर पुढे कित्येक वर्षे बाजार केले, लग्ने केली, निवडणुका लढविल्या.

या गाड्यांवर दोन आपत्ती आल्या. पहिली भंगाराची, ती सांगावयास नको. दुसरी डिझेलची. १९७३ नंतर पेट्रोल महागले, तेव्हा साडेतीन लिटरचे अमेरिकन पेट्रोल इंजिन पोसणार कोण? मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी आणि आपल्याकडच्या मोटारमालकांनी ते काढून मद्रासच्या सिम्पसन कंपनीचे पर्किन्स डिझेल इंजिन किंवा मिळेल ते दुसरे डिझेल बसविले. काढलेले इंजिन कोणी विहिरीच्या पंपाला जोडले, कोणी किलोवर विकले. त्या काळी तो शहाणपणाचा व्यवहार होता, मी त्याला नावे ठेवणार नाही. पण आज हिशेब उलटला आहे आणि तो उलटविण्यात कायद्याचाही वाटा आहे.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक वय झालेले दुचाकी किंवा चारचाकी वाहन 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते. अट अशी की ते मूळ रूपात राखलेले असले पाहिजे. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, ती १० वर्षे चालते, पुढे ५ हजारांत नूतनीकरण. नव्याने नोंदलेल्या गाडीच्या नंबरात 'व्ही.ए.' ही अक्षरे येतात. ज्यांच्याकडे जुना नंबर चालू नोंदीत आहे त्यांना तो राखता येतो. म्हणजे पाहा, डिझेल घातलेली प्लिमथ चालावयास झकास असली तरी या व्याख्येत बसविणे कठीण. आणि जिच्यात मूळ इंजिन आहे, मग ते अडकून पडलेले का असेना, ती बसू शकते.

मात्र 'व्हिंटेज' शिक्का घेण्यापूर्वी विचार करावा. असे वाहन रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे, दुरुस्तीला नेणे, एवढ्यासाठीच ते बाहेर काढायचे. वरातीला भाड्याने देऊन गाडीचा खर्च काढू म्हणणाऱ्याने हे आधीच समजून घ्यावे. साधी नोंदणी ठेवायची तर दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि त्याबरोबर हरित कर आलाच. शिवाय ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांपेक्षा जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी १० हजार रुपये झाली आहे. दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. कोणती घ्यायची ते गाडीचा उपयोग पाहून ठरवावे.

येवल्याच्या माणसाला मूळ आणि नकली यांतला फरक सांगावयास नको. पैठणीचेच पाहा ना. एक काळ असा होता की जुनी, विरलेली पैठणी घेऊन माणसे सोनाराकडे किंवा दारावर येणाऱ्या जरवाल्याकडे जात. तो पदर जाळी, राखेतून चांदी काढी, वजनावर पैसे देई. आजही जुनी जर विकत घेणारे फिरतातच. आता त्याच जुन्या पदरासाठी संग्रह करणारे लोक धावाधाव करतात आणि हाती येते काय, तर जाळायची राहून गेलेली एखादी. जुन्या पदराला नवे पोत जोडले तर साडी नेसता येते, पण जाणकार उलटी बाजू पाहतोच. मोटारीची उलटी बाजू म्हणजे तिची खालची पाटी, बोल्टांची डोकी आणि कागद.

बोल्टांची डोकी म्हटले याचे नवल वाटेल. युद्धकाळात जीप विलिजने केली तशी फोर्डनेही केली. फोर्डला आपला भाग ओळखू यावा म्हणून त्यांनी लहानसहान भागांवर, अगदी बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा, इंग्रजी 'एफ' अक्षर उठविले. पुढच्या जाळीतल्या उभ्या फटी मोजाव्यात : ठोकून काढलेल्या पत्र्याच्या युद्धकालीन जाळीत नऊ, नंतरच्या नागरी जीपेत सात. आता समजा, एखाद्या छपराखाली नऊ फटींची जीप आहे. मालक हौसेने ती गॅरेजमध्ये टाकतो. फिटर गंजलेले बोल्ट गॅसने तोडतो, बाजारातले नवे लावतो, जुने भंगारवाल्याच्या पोत्यात जातात. जीप चकचकीत होऊन घरी येते आणि ती फोर्डची होती याचा सगळ्यांत सोपा पुरावा किलोच्या भावाने गेलेला असतो. फिटरचा दोष नाही, त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

म्हणून पहिले काम पाना नव्हे, कॅमेरा. गाडी जिथे, जशी उभी आहे तशी चोहोबाजूंनी टिपून घ्यावी. इंजिनाच्या ठोकळ्यावरचा नंबर, सांगाड्यावरचा नंबर, दाराच्या चौकटीवरची किंवा बॉनेटखालची पितळी-पत्र्याची पाटी हे सारे घासलेटच्या बोळ्याने पुसून वाचावे. सॅंडपेपर लावू नये. ठोकलेला आकडा एकदा घासला गेला की परिवहन कार्यालयालाही संशय येतो. आसने काढून खाली पाहावे, सामानाच्या कप्प्यातले कागद, जुन्या करपावत्या, पेट्रोलची बिले, गॅरेजची चिठ्ठी, काही टाकू नये. सुटणारा प्रत्येक भाग कापडी पिशवीत, वर चिठ्ठी. बायका वाळवणाच्या डब्यांवर नावे लिहितात तसे.

वर्षानुवर्षे उभे असलेले इंजिन ढकलून किंवा बॅटरी लावून एकदम फिरवू नये. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरात थोडे तेल सोडावे, दोन-चार दिवस मुरू द्यावे, मग हँडलने हलक्या हाताने फिरते का ते पाहावे. रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात. जोर केला तर रिंग तुटते आणि ठोकळ्याला ओरखडा पडतो. टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकावे. आणि गाडी चालू करण्याच्या आधी ब्रेक दुरुस्त करावेत! चालू करण्याच्या उत्साहात हे कोणी पाळत नाही. ब्रेकच्या सिलिंडरातले रबर वाळून कडक झालेले असते.

पत्र्याची परीक्षा साधी आहे. लहान लोहचुंबक रुमालात गुंडाळून बॉडीवरून फिरवावा. जिथे तो धरत नाही तिथे पत्रा नसून आत लांबी भरलेली आहे असे समजावे. आपल्या कोरड्या हवेत पत्रा मुंबईच्या खाऱ्या हवेपेक्षा बरा टिकतो, हा आपल्याला फायदा. पण दारांची तळची कड, पायाखालचा पत्रा आणि मागच्या चाकांवरच्या कमानी तपासाव्यातच. सडलेला तुकडा कापून तेवढाच नवा पत्रा जोडणारा जुना कारागीर मिळाला तर त्याला सोडू नये. क्रोमचे काम महाग पडते, कारण खालचा थर काढून, घासून, निकेल चढवून मग क्रोम द्यावे लागते. स्वस्तात केलेले एका पावसाळ्यात सोलते.

एक कसोटी मी नेहमी सांगतो. जो बदल उद्या काढून टाकता येईल तो खुशाल करावा. जो काढता येणार नाही त्याच्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. उदाहरणार्थ, १९५०च्या सुमाराच्या डॉज-प्लिमथची वीज सहा व्होल्टची आणि उलट्या जोडणीची असते, म्हणजे बॅटरीचे अधिक टोक सांगाड्याला. असे दिवे, अशी बॅटरी मिळणे आता दुरापास्त. बारा व्होल्ट करून घेतले आणि जुना डायनॅमो पोत्यात बांधून ठेवला तर काही बिघडले नाही. पण एअर कंडिशनर बसविण्यासाठी पुढची भिंत कापली, ती कापली. सुटे भाग मुंबईच्या कुर्ल्याच्या आणि चोरबाजारच्या दुकानांत शोधावे लागतात, काही अमेरिकेतून मागविता येतात. मस्टँगचा तर तिथे अख्खा सांगाडा नवा कोरा मिळतो. आपल्या किंग्जवेचे तसे नाही. तिची इथली अक्षरे, इथले दिवे हरवले तर हरवलेच.

इंधनाचा एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. शिसे घातलेले पेट्रोल देशात २००० साली बंद झाले आणि २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले. आमच्या शेजारी कोपरगावाकडे साखर कारखान्यांची धुराडी दिसतात. मळीपासून, रसापासून होणारे इथेनॉल शेतकऱ्याच्या हिताचे आहे, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण सत्तर वर्षांपूर्वीच्या गाडीचे रबर त्यासाठी घडविलेले नाही. नळ्या आणि पेट्रोल पंपातला पडदा त्याने फुगतो, चिरतो. इथेनॉल हवेतले पाणीही ओढून घेते, त्यामुळे उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. नळ्या आणि पडदे इथेनॉल सोसणाऱ्या नव्या रबराचे घालावेत आणि गाडी महिनोन् महिने उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करावी.

राहता राहिली विक्री. इथे गाडीपेक्षा घर आधी सावरावे लागते. पुष्कळ ठिकाणी गाडी अजून आजोबांच्या नावावर असते. आजोबा जाऊन तीस वर्षे झाली, चुलते चार, आत्या दोन, गाडी ज्याच्या अंगणात आहे तो म्हणतो माझी. कोणी गिऱ्हाईक आले की सगळ्यांना एकदम आजोबांची आठवण होते! मालक मृत असेल तर वारसाच्या नावे करण्याचा नमुना क्रमांक ३१चा अर्ज आहे. इतर वारसांची लेखी संमती घेऊन ते काम आधी उरकावे. मग विक्रीचे नमुने २९ आणि ३०. नोंदणीपुस्तक हरवले असेल तर दुसरी प्रत मागविता येते, पण त्यासाठी नंबर तरी ठाऊक हवा. म्हणूनच जुन्या करपावत्या जपा म्हटले. नोंदणीपुस्तकात इंजिनाचा नंबर कोणता आहे आणि गाडीत कोणता, हे गिऱ्हाइकाने विचारण्याआधी आपणच पाहून ठेवावे. इंजिन बदलले असेल तर तसे स्पष्ट सांगावे. लपविलेले कधी ना कधी उघडे पडते आणि मग सौदा मोडतो.

भावाचे कोष्टक कुठे छापलेले नाही. अडल्या गाडीला जो पहिला दलाल येतो तो तिच्याकडे पाहण्याआधी तुमच्या चेहऱ्याकडे पाहतो. मुंबईचा व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया, किंवा १९१९ पासूनची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन, अशा संस्थांच्या जाणत्या मंडळींना फोटो दाखवून दोन-तीन मते घ्यावीत. विकण्यासाठी म्हणून रंग काढू नये. जाणकार गिऱ्हाईक जुन्या रंगाला जास्त पैसे देते, कारण त्याखाली काय आहे ते त्याला दिसते; नव्या रंगाखाली काय दडले आहे ते त्याला कळत नाही आणि त्या न कळण्याचे पैसे तो भावातून कापतो. काढून ठेवलेला डायनॅमो, जुने दिवे, चिठ्ठ्यांच्या पिशव्या, बोल्टांचे पोते हे सगळे गाडीबरोबरच द्यावे आणि यादी करून, दोघांच्या सह्या घेऊन द्यावे.

'व्हिंटेज' म्हणून नोंदलेली गाडी असेल तर विकणाऱ्याने आणि घेणाऱ्यानेही आपापल्या परिवहन खात्याला व्यवहार ९० दिवसांत कळवावयाचा असतो. साध्या नोंदणीच्या गाडीतही हस्तांतराच्या अर्जाची पोच आपल्यापाशी ठेवावी, नाव बदलल्याची नोंद खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावी. तोवर ती गाडी नाशकात कुणाला धडकली किंवा पुण्यात सिग्नल मोडून गेली, तर कागदोपत्री मालक तुम्हीच आणि नोटीस येणार ती तुमच्याच वाड्यावर.